आडनाव विचारलं आणि खोली भरली

प्रश्न : माझी मुलगी अकोल्याला नीटच्या क्लासला आहे. जठारपेठ, रामदासपेठ, गोरक्षण रोड असा सगळा भाग आम्ही पायी फिरलो. ‘खोली किरायाने देणे आहे’ अशी पाटी दिसली की फोन लावायचा. फोनवर खोली रिकामी असते, किराया ठरतो, ॲडव्हान्सचंही बोलणं होतं. आडनाव आणि गाव सांगितलं की खोली ‘कालच गेलेली’ असते. पाटी मात्र पुढच्या आठवड्यातही तिथंच. आम्ही बौद्ध आहोत. मुलीच्या वर्गातल्या एका मुस्लिम मुलीला तर ‘तुमच्या लोकांना देत नाही’ असं तोंडावर सांगितलं. घर त्याचं, मर्जी त्याची, हे मलाही कळतं. पण जातधर्म पाहून खोली नाकारणं कायद्यात बसतं का?
– एक वाचक, दर्यापूर तालुका

उत्तर : तुमच्या बाबतीत ‘नाही बसत’. मुलीच्या मैत्रिणीच्या बाबतीत, सांगायला बरं वाटत नाही, पण ‘बसतं’. एकाच फाटकावरून परत फिरलेल्या दोन मुली. कायदा एकीच्या बाजूनं बोलतो आणि दुसरीच्या वेळी गप्प बसतो.

आधी तुमचं पाहू. १९५५ साली संसदेनं अस्पृश्यता (गुन्हे) कायदा केला, १९७६ मध्ये त्याचं नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झालं. त्याचं चौथं कलम लोकांना विहीर, हॉटेल, स्मशानघाट एवढ्यापुरतं ठाऊक असतं. पण त्याच यादीत असंही आहे की कोणत्याही वस्तीत राहतं घर बांधायला, मिळवायला किंवा त्यात राहायला अस्पृश्यतेच्या कारणानं आडकाठी करणं हा गुन्हा आहे. घर खासगी आहे, ही सबब त्या कलमात नाही. शिवाय बारावं कलम फार कमी वकील वापरताना दिसतात. ज्याच्यावर अन्याय झाला तो अनुसूचित जातीचा असेल, तर कृत्य अस्पृश्यतेपोटीच झालं असं न्यायालय धरून चालतं आणि तसं नव्हतं हे सिद्ध करायचं ओझं समोरच्यावर पडतं. शिक्षा एक ते सहा महिने कैद आणि शंभर ते पाचशे रुपये दंड. एवढ्या दंडात आज अकोल्यात मेसचा आठवडाही निघत नाही, ती गोष्ट वेगळी.

१९८९ चा ॲट्रॉसिटी कायदा २०१५ च्या दुरुस्तीनंतर आणखी पुढे गेला. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला घर किंवा गाव सोडायला भाग पाडणं हा त्यात गुन्हा आहे. सामाजिक आणि आर्थिक बहिष्कारही आता गुन्हा आहे, आणि आर्थिक बहिष्काराच्या व्याख्येत व्यवहार करायला नकार देणं येतं. एका घरमालकाचा एक नकार हा बहिष्कार होतो का, यावर वकील दोन्ही बाजूंनी भांडू शकतील. पण अपार्टमेंटच्या मीटिंगमध्ये ‘अमक्या समाजाला कोणी फ्लॅट द्यायचा नाही’ असं ठरलं असेल, तर त्यात भांडण्यासारखं फार उरत नाही. धर्मांतरानं हा हक्क गेला का, ही शंका बौद्ध कुटुंबांत अजून विचारली जाते. नाही गेला, १९९० च्या दुरुस्तीनं बौद्ध झालेल्यांना अनुसूचित जातींत धरलं आहे.

कायदा इतका स्पष्ट असताना गुन्हे का नोंदले जात नाहीत? कारण घरमालक कधी ‘जात’ हा शब्द काढतच नाही.

वऱ्हाडात आडनावावरून पक्कं काही कळत नाही, ही त्याची पहिली अडचण. वानखडे कुणबीही असतात आणि बौद्धही. इंगळ्यांचं तसंच. देशमुख तर मराठाही आणि मुसलमानही. म्हणून चौकशी जरा वळणानं जाते. ‘कोन्त्या गावचे म्हन्ले?’ गाव सांगितलं की, ‘अरे वा, तिथं आमचे पाहुणे आहेत. तुमचं घर कोन्त्या बाजूले?’ प्रश्न किती साधा वाटतो! पण ज्या गावात वस्त्या शंभर वर्षं जातीनं बसल्या आहेत, तिथं घर कोणत्या अंगाला आहे हे सांगितलं की सगळं सांगून होतं. तेवढ्यानं काम झालं नाही तर ‘आधारची झेरॉक्स द्या’. आधारकार्डावर जात नसते, पण बापाचं नाव असतं, आणि सिद्धार्थ, गौतम, भीमराव ही नावं वाचायला घरमालकाला चष्मा लागत नाही. मग अगदी शेवटी जेवणाचा विषय. ‘आमच्याकडे नॉनव्हेज चालत नाही.’ हे ज्याच्या तोंडून ऐकलं तोच माणूस आखाडीला किलोभर मटण घेऊन येताना गल्लीनं पाहिलेला असतो.

आणि नकार येतो तो दुसऱ्याच्या नावानं. ‘आमाले काही नाही जी, पन म्हातारी आयकत नाही.’ म्हातारी आत लसूण सोलत बसलेली. तिला कोणी विचारलेलंही नसतं.

ही रीत जुनी आहे. १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा परदेशातून शिकून आलेल्या या अधिकाऱ्याला शहरात राहायला जागा मिळेना. पारशी म्हणवून ते एका पारशी धर्मशाळेत उतरले. जात कळल्यावर लाठ्या घेतलेला जमाव दारात आला. त्यानंतर त्यांनी दोन मित्रांकडे विचारणा केली. एक हिंदू होता, त्यानं नोकर निघून जातील असं सांगितलं. दुसरा ख्रिश्चन, त्यानं बायको उद्या येणार आहे, तिला विचारून सांगतो म्हटलं. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत त्यांनी हे लिहून ठेवलं आहे. नोकर, बायको, म्हातारी: स्वतःच्या तोंडानं ‘मला नको’ म्हणणारा यात एकही नाही. संध्याकाळपर्यंत एका बागेत बसून आंबेडकरांनी रात्रीची मुंबईची गाडी पकडली.

मग सिद्ध कसं करायचं? इथं तुमच्याच जिल्ह्यातला एक माणूस कामाला येतो. अमरावती जिल्ह्यातल्या महिमापूरचे अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्ली आणि आसपासच्या शहरांत एक साधा प्रयोग केला. सवर्ण हिंदू, दलित आणि मुस्लिम अशी ओळख सांगणाऱ्यांनी त्याच त्या घरमालकांकडे फोनवर आणि प्रत्यक्ष जाऊन घर मागितलं. बाकी सगळं सारखं, फरक फक्त नावाचा. २०१५ मध्ये तो अभ्यास ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त आला. सवर्णांना दार उघडं होतं, दलितांना बऱ्याच ठिकाणी बंद, मुस्लिमांना सगळ्यांत जास्त बंद. ज्यांना ‘हो’ मिळालं त्यांतल्याही काहींना जास्त भाडं किंवा वेगळ्या अटी सांगितल्या गेल्या.

हाच प्रयोग तुम्हाला एका दुपारी करता येईल. ‘कालच गेली’ असं उत्तर मिळालं की तासाभरात दुसऱ्या आडनावाच्या मित्राला त्याच नंबरवर फोन करायला सांगा. त्याला खोली रिकामी सांगितली, तर दोन्ही फोनची वेळ, नंबर, पाटीचा तारखेसह फोटो आणि तुमच्या स्वतःच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग एकत्र ठेवा. तक्रार पोलीस ठाण्यात किंवा पोलिसांच्या नागरी हक्क संरक्षण पथकाकडे करता येते. १४५६६ हा राष्ट्रीय हेल्पलाइन नंबरही आहे. ॲट्रॉसिटीखाली गुन्हा नोंदला तर तपास उपअधीक्षकाच्या हुद्द्याखालच्या अधिकाऱ्याकडे जात नाही. आता खरं बोलायचं तर, मुलीची परीक्षा तोंडावर असताना बाप कोर्टाच्या पायऱ्या चढत नाही. तो दुसरी गल्ली पाहतो. घरमालक हे पुरेपूर जाणून असतो.

आता मैत्रिणीचं. राज्यघटनेच्या १५ व्या कलमाचं दुसरं पोटकलम खासगी माणसांनाही बांधतं, पण त्यात दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीच्या जागा, विहिरी, तलाव, रस्ते अशी यादी आहे. भाड्याचं घर त्या यादीत नाही. म्हणजे रेल्वे स्टेशनसमोरच्या लॉजनं धर्म पाहून खोली नाकारली तर घटना आड येते. त्याच रस्त्यावरच्या घरमालकानं नाकारली तर येत नाही. १९५५ चा कायदा अस्पृश्यतेपुरता आहे. धर्मावरून घर नाकारण्याला शिक्षा सांगणारा कायदा ना केंद्रानं केला ना महाराष्ट्रानं. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण सोसायटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सदस्यत्व फक्त पारशांना ठेवण्याचा पोटनियम मान्य केला. तो निकाल सोसायटीच्या सदस्यत्वाबद्दल आहे, एकट्यादुकट्या घरमालकाबद्दल नाही. पण तेव्हापासून ‘आमचेच लोक’ म्हणणाऱ्यांच्या हातात ते पान आहे. पुढच्याच वर्षी, २००६ मध्ये, सच्चर समितीनं मुस्लिमांना घर विकत किंवा भाड्यानं मिळणं अवघड जातं असं नोंदवलं. २०१७ मध्ये शशी थरूर यांनी भेदभावविरोधी खासगी विधेयक लोकसभेत मांडलं. त्याचा कायदा झाला नाही. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात ॲडव्हान्स किती घ्यायचा हे आहे, कोणाला नाकारायचं नाही हे नाही.

आपल्याकडे याला दंग्यांचं अस्तर आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत आणि मे २०२३ मध्ये अकोल्याच्या जुन्या शहरात जे झालं, त्यानंतर सरमिसळ वस्तीतली माणसं आपापल्या बाजूला सरकली. शेजारच्या गुजरातेत १९९१ पासून अशांत क्षेत्र कायदा आहे. तिथं ठरवून दिलेल्या भागात घर विकायचं तर कलेक्टरची परवानगी लागते. आपल्याकडे असा कायदा नाही, तरी अमरावतीतला चांगल्या पगाराचा मुस्लिम प्राध्यापक विद्यापीठाच्या जवळचं घर सोडून हबीबनगरकडे घर पाहतो.

सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईला ‘महाराष्ट्रीयांना जागा देत नाही’ म्हणून कार्यालयासाठी जागा नाकारल्याचा व्हिडिओ सगळीकडे फिरला. त्यानंतर पंकजा मुंडे यांनीही मुंबईत घर पाहताना आपल्यालाही असाच अनुभव आल्याचं जाहीर सांगितलं. त्या आठवड्यात आमच्या अमरावतीतही चहाच्या टपरीवर लोक तावातावानं बोलत होते. त्यांतल्या काहींच्या स्वतःच्या वरच्या माळ्याला कोण चालतं आणि कोण नाही, हे मला माहीत होतं. मी काही बोललो नाही, चहाचे पैसे त्यांनीच दिले होते.

प्रश्न : आजोबा सांगत की पूर्वी अमरावतीत घर रिकामं झालं की कलेक्टर कचेरीत कळवावं लागे आणि किरायेदार कलेक्टर ठरवत. खरं की थाप?
– एक विद्यार्थिनी, अमरावती

उत्तर : खरं, आणि आजोबांची आठवण शाबूत आहे. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता. १९४६ चा निवासस्थानं भाड्यानं देण्याचा कायदा आणि त्याखालचा सी. पी. अँड बेरार भाडे नियंत्रण आदेश, १९४९. ज्या शहरांना आदेशातला घरवाटपाचा भाग लागू होता तिथं घर रिकामं होणार असं कळलं की मालकानं डेप्युटी कमिशनरला, म्हणजे पुढच्या काळातल्या कलेक्टरला, लेखी कळवायचं. पंधरा दिवसांत हुकूम आला तर त्यात नाव असेल त्याला घर द्यायचं. ही नावं कोणाची? सरकारी नोकरांची, फाळणीनंतर आलेल्या विस्थापितांची आणि आपल्या घरातून कोर्टाच्या हुकमानं बाहेर पडलेल्यांची. हुकूम आला नाही तर मालक मोकळा.

आदेश काढला तो घरांच्या टंचाईमुळे. भेदभाव मिटवायचा म्हणून नव्हे. पण कागदावर त्याचा एक परिणाम असा होता की बदलून आलेला मागासवर्गीय कारकून किंवा ओव्हरसिअर घरमालकाच्या पसंतीवर अवलंबून नव्हता. त्याच्या हातात अलॉटमेंटचा कागद असे. प्रत्यक्षात मालक काय क्लृप्त्या करत हे वेगळं सांगायला नको. घर रिकामं झालंच नाही असं दाखवणं आणि पाहुणा राहतोय म्हणणं हे त्यातले सोपे प्रकार. वऱ्हाड १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला, तरी विदर्भात हाच आदेश चालू राहिला. पुण्या-मुंबईला १९४७ चा मुंबईचा कायदा, आपल्याला १९४९ चा मध्यप्रांताचा. सगळ्या राज्याला एकच महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० ला लागू झाला आणि कलेक्टरची ती यादी बंद झाली.

तुम्हाला निवाऱ्याच्याच विषयातलं आणखी एक सांगतो. सर्व जातींच्या मुलांनी एका छपराखाली राहावं, जेवावं म्हणून पंजाबराव देशमुखांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस अमरावतीत श्रद्धानंद छात्रालय काढलं. गाडगेबाबांनी पंढरपूरपासून नाशिकपर्यंत धर्मशाळा बांधल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. दोघंही तुमच्या जिल्ह्याचे.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आहे. साईनगरात खाली आम्ही दोघं राहतो, वरचा माळा किरायानं देतो. जिना एकच, टाकी एकच, तुळशीवृंदावन एकच. माझ्या घरात कोण राहील हे ठरवायचा अधिकार मला नसावा का? मी कोणाचा द्वेष करत नाही.
– एक निवृत्त शिक्षक, अमरावती

उत्तर : सर, तुमचा प्रश्न जगात इतरांनीही विचारला आहे. अमेरिकेत ११ एप्रिल १९६८ ला घरांतल्या भेदभावाविरुद्ध कायदा झाला, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर अवघ्या आठवड्यात. त्यात एक सूट ठेवली गेली. मालक स्वतः त्याच इमारतीत राहत असेल आणि तिथं चारपेक्षा जास्त कुटुंबांची सोय नसेल, तर त्या कायद्यातला बराच भाग त्याला लागू नाही. एक काल्पनिक विधवा आपल्या घरात किरायेदार ठेवते, तिचं नाव त्या सुटीला पडलं : मिसेस मर्फी. पण तिलाही ‘अमक्यांना देणे नाही’ अशी जाहिरात करता येत नाही. आणि वंशावरून नकार दिला तर १८६६ चा जुना कायदा तिला कोणतीच सूट देत नाही. इंग्लंडनं १९६५ च्या पहिल्या कायद्यात घरांना फारसा हात लावला नव्हता. तीन वर्षांत त्यांनाही लावावा लागला.

आपल्या १९५५ च्या कायद्यात मिसेस मर्फीला जागा नाही. जिना एक असला तरी अनुसूचित जातीच्या माणसाला त्या कारणानं नाकारता येत नाही. बाकी तुम्हाला भरपूर मोकळीक आहे. फक्त कुटुंबाला देईन, विद्यार्थ्यांना नाही, चारपेक्षा जास्त माणसं नकोत, पाणी सकाळी आठपर्यंत, गाडी फाटकाबाहेर, रात्री अकराला कुलूप. यातलं काहीही सर्वांना सारखं सांगा, कोणी हरकत घेणार नाही. शाकाहाराची अटही घाला, तुम्ही स्वतः शाकाहारी असाल आणि ती वानखडे, जोशी, अग्रवाल सगळ्यांना आधीच सांगत असाल तर. पण ती अट फक्त आडनाव कळल्यानंतर आठवत असेल, तर बाराव्या कलमासमोर ती टिकणार नाही.

फ्लॅट असेल तर ‘सोसायटी परवानगी देत नाही’ हेही सांगू नका. सहकारी संस्थेच्या आदर्श उपविधींनुसार फ्लॅट किरायानं द्यायला संस्थेची परवानगी लागत नाही, कळवावं लागतं. बिनभोगवटा शुल्क ते घेऊ शकतात, तेही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच.

प्रश्न : मी धारणीचा, कोरकू. अमरावतीत शिकतो. वसतिगृहात नंबर लागला नाही म्हणून ‘स्वयम’ योजनेचा अर्ज करतोय. त्याला भाडेकरारनामा लागतो. घरमालक काकाजी चांगले आहेत, पण कागदावर सही करत नाहीत. ‘किराया देऊन राह्य ना बापा, कागद कायले पाह्यजे’ म्हणतात.
– एक विद्यार्थी, अमरावती

उत्तर : काकाजींना दोन भीती असाव्यात. पहिली, घरपट्टी वाढेल आणि इन्कम टॅक्सला दिसेल. दुसरी, कागद झाला की पोरगा घर बळकावेल. तिसरीही असू शकते. अनुसूचित जातीच्या मुलांच्या ‘स्वाधार’ योजनेतही हीच अडचण येते : इतके दिवस आडनावावर निभावून नेलं, आणि करारनामा मागताना योजनेचं नाव सांगावं लागलं की घरमालकाचा चेहरा बदलतो. जातीमुळे मदत मिळते, आणि ती मिळवायला त्याच घरमालकाला जात सांगावी लागते ज्याच्यापासून ती लपवली. योजना आखणाऱ्यांनी हा विचार केला नाही.

काकाजींना असं सांग. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या ५५ व्या कलमानुसार करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी घरमालकाची आहे, तुझी नाही. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि वाद झाला तर अटींबद्दल किरायेदार जे सांगेल तेच, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. म्हणजे कागद नसल्याचा धोका काकाजींनाच जास्त. घर बळकावण्याच्या भीतीवर उपाय अकरा महिन्यांचा ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार. मुदत संपली की जागा परत मिळवायला त्यांना याच कायद्याचं २४ वं कलम आहे, आणि ते घरमालकाच्या बाजूनं चांगलंच कडक आहे. नोंदणी ऑनलाइन होते. मुद्रांक शुल्क एकूण किरायाच्या पाव टक्का, म्हणजे तुझ्या खोलीला फार तर शंभर-दोनशेच्या घरात, आणि नोंदणी फी महापालिका हद्दीत एक हजार रुपये. ती फी तू देतो म्हणालास तर सही लवकर होईल, असा माझा अंदाज आहे.

करारात योजनेचं नाव घालायची काही गरज नाही. नाव, पत्ता, किराया, मुदत एवढं पुरे. आणि किराया रोख देत असशील तर आजपासून यूपीआयनं दे. प्रकल्प कार्यालयातल्या बाबूनं उद्या ‘राहतोस कशावरून?’ विचारलं तर दाखवायला महिन्या-महिन्याची नोंद तुझ्याच फोनमध्ये असेल.